पुन्हा म्हण

घडी घातलेला टॉवेल तिने परत उलगडला आणि पलंगावर आपटला.

"आय अ‍ॅम अँबिशस," ती म्हणाली.

"चुकलं," खुर्चीत बसलेला नवरा म्हणाला. "पुन्हा म्हण."

उद्या तिची मुलाखत होती. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी उकळण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती, आणि आता दुसऱ्या शहरातल्या नव्या इस्पितळात धुलाईघराच्या मुख्य बाईची जागा निघाली होती. राहायला खोलीसुद्धा देणार होते. मुलाखत सगळी इंग्रजीत, आणि स्वतःबद्दल सांगा, हे तर हमखास विचारतात. त्यासाठी हा शब्द नवऱ्यानेच शोधून दिला होता. शाळेच्या कचेरीत पत्रं टाइप करून करून त्याचं इंग्रजी चांगलं झालं होतं. मोठं व्हायची धडपड ज्याच्यात असते तो अँबिशस, असं पहिल्या दिवशी त्याने किती हौसेने समजावलं होतं. मग आता याला झालंय तरी काय?

आधी म्हणे उच्चार कच्चा. तो पक्का केला, तर आवाज बारीक. आवाज चढवला, तर म्हणे भांडायला चालली आहेस का.

"काय चुकलं ते तरी सांगा."

"तसं नाही गं. बाईमाणसाने स्वतःलाच अँबिशस म्हटलं की ऐकणाऱ्याला जरा आगाऊपणा वाटतो. त्यापेक्षा हार्डवर्किंग म्हण. कष्टाळू."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कष्टाळू तर मी आहेच. इतकी वर्षं कष्टाळू राहून हातांची सालं निघाली. मला आता मोठं व्हायचंय. तुम्हाला बघवत नसेल, तर तसं तोंडावर सांगा."

तो खुर्चीच्या हाताचा सुटलेला रंग नखाने खरवडत राहिला.

तिने पाठ ताठ केली, थेट त्याच्याकडे बघितलं आणि अँबिशसचंच वाक्य पुन्हा म्हटलं. कुठे अडखळणं नाही, काही नाही. छान जमलं होतं, आणि ते दोघांनाही कळलं.

"आता?"

"आता काही चूक नाही," तो म्हणाला.

त्याने पलंगावरचा टॉवेल उचलला आणि घडी घालायला घेतला. काठाला काठ काही जुळेना. मान वर न करताच त्याने विचारलं,

"ती खोली देणार म्हणालीस ना, ती एकट्यापुरती आहे, की दोघं मावतील?"

तिने बोलायला तोंड उघडलं. पगार तिने विचारला होता, ड्युटीच्या वेळा विचारल्या होत्या. खोलीला खिडकी आहे का, हेसुद्धा आवर्जून विचारून घेतलं होतं. एवढंच तेवढं विचारायचं राहिलं होतं.