दोन ओळी

पहिली चप्पल कानाखाली बसली तेव्हा चष्मा उडाला. दुसरीनं ओठ फुटला. सरकारी इस्पितळाच्या व्हरांड्यात पंढरीची बायको सगुणा मला बडवत होती आणि लोक निवांत बघत होते. तिनं माझं डोकं भिंतीवर आपटलं. मीही हात उगारला, उलट एक ठेवून देणारच होतो. तेवढ्यात आतून पंढरी किंचाळला. त्याच्या पट्ट्या बदलत होते. जनावरसुद्धा असं ओरडत नाही. माझा हात आपोआप खाली आला.

"बेल बंद केली त केली! ती परत चालू कशी कराची, त्ये कुठं लिवलंवतंस? सांग ना!"

सांगू काय, कप्पाळ? कुठंच लिहिलं नव्हतं.

माझं नाव उत्तम. कोलशेतच्या एका कारखान्यात मशीनवरचे मीटर दुरुस्त करतो. शहाण्णव साली मी एक प्रोग्राम केला. रसायनाची टाकी जास्त तापली की कॉम्प्युटर बेल वाजवतो. परदेशात काही लोक आपले प्रोग्राम उघडे ठेवतात, कोणीही घ्या, बदला, वाटा, असं एका मासिकात वाचलेलं. मीही तसंच केलं. सगळा प्रोग्राम फ्लॉपीवर, फुकट. सात कारखान्यांनी नेला. मी नुसता फुगलेलो.

पंढरी त्यातल्याच डोंबिवलीच्या एका कारखान्यात टाकीवर ऑपरेटर. त्यानं दोनदा विचारलेलं, "उत्तमभाऊ, चालवाचा कसा, दोन ओळी लिवून दे ना रे."

मी खेकसलो, "सगळं उघडं ठेवलंय ना तुझ्यासमोर? वाच की! आता घास भरवू का?"

दहावी नापास माणसाला मी प्रोग्राम वाचायला सांगत होतो. मस्ती, दुसरं काय!

स्पेसबार दाबला की बेल थांबायची, आणि पुन्हा दाबेपर्यंत गप्पच राहायची. हे दुसरं फक्त मला ठाऊक. मंगळवारी दुपारी बेल वाजली, पंढरीनं थंड पाणी सोडलं, स्पेसबार दाबला, टाकी निवली. तासाभरानं ती पुन्हा तापली. बेल वाजलीच नाही. टाकीचं झाकण छपराचा पत्रा फाडून वर गेलं. उकळतं रसायन तोंडावर येताना पंढरीनं हात आडवे धरले. तोंड वाचलं. हात कोपरापर्यंत सोलून निघाले.

सगुणा दमून खाली बसली. मी रक्त थुंकलो आणि एकदम आठवलं. तीच फ्लॉपी अजून सहा ठिकाणी चालू होती!

तसाच, फुटक्या ओठानं, एसटीडी बूथवर धावलो. सहाही ठिकाणी फोन लावून स्पेसबारचं सांगितलं. एक साहेब हसत म्हणाला, "अहो, आम्ही पुढे चौघांना वाटली. फुकटच होती ना?"

आता कोणाकोणाला फोन करणार? फ्लॉपीबरोबर कागदच जायला हवा होता.

दुसऱ्याच दिवशी तो कागद लिहून पंढरीच्या खाटेशी गेलो. सगुणा माझ्याकडे बघेना, पण तिनं कागद त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"ह्ये 'पूर्ववत' काय रं? नाय कलत. खोड."

खोडलं. चार वेळा लिहिलं. पाचव्यांदा त्यानं सावकाश, मोठ्यानं वाचलं, "बेल थांबवल्यावर टाकी थंड झाली की स्पेसबार पुन्हा दाबा. दाबला नाही तर बेल पुन्हा वाजणार नाही."

"हां. आता कललं."

दोनच ओळी होत्या.

कागद घ्यायला त्यानं हात पुढे केला. पट्ट्यांच्या बोळ्यात कागद राहीना, खाली पडला. मी वाकलो, पण सगुणानं आधी उचलला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला.

"जा," ती म्हणाली. "लवकर वाट."