मागच्या आतल्या चाकातून

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही आणि बहुधा पाहणारही नाही. आत पलंग, शेगडी आणि न्हाणी असलेली एक जुनी कॅरव्हॅन आहे. तिच्या एका टायरच्या पोटात मी राहतो. टायरमधली हवा मोजायची, हे माझं काम. लोक मला सेन्सर म्हणतात. अर्ध्या काडेपेटीएवढा माझा देह हवा भरायच्या नळीच्या आतल्या टोकाला स्क्रूने आवळलेला आहे. भोवती रबर, पाठीशी लोखंडी रिम आणि मध्ये कोंडलेली हवा. दार नाही, खिडकी नाही. गाडी धावते तेव्हा मी गरगर फिरतो आणि तरीही तिथल्या तिथेच असतो.

माझा जन्म पांढऱ्या दिव्यांच्या एका लांबलचक खोलीत झाला. तिथे टेबलांच्या रांगा होत्या आणि टोप्या घातलेल्या बायका मान खाली घालून काम करत होत्या. त्यांच्यातल्या एकीने मला पितळी डब्यात ठेवून झाकण लावलं आणि आत हवा सोडली. मी आकडा बरोबर सांगितला. ती शेजारणीला म्हणाली, "हा बोलका आहे." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. उजेडात झालेलं शेवटचंही तेच, असं मी पुढे कितीतरी वर्षं धरून चाललो होतो.

बोलका असलो तरी मला बोलता येतात त्या गोष्टी तीनच: माझा नंबर, हवेचा दाब आणि आतली उष्णता. मी कुठल्या चाकात आहे हे सांगायला मला शब्दच दिलेला नाही. ते ठरवतो ड्रायव्हरसमोरचा छोटा स्क्रीन. हा नंबर म्हणजे पुढचं डावं चाक, तो नंबर म्हणजे मागचं उजवं, असं माणूस त्याला एकदा शिकवतो. मग स्क्रीन तेच धरून बसतो. मी पुढच्या डाव्या चाकात बसलो, तेव्हा तिथलाच म्हणून माझी नोंद झाली.

गाडीच्या मालकांना घरात सगळे कप्तान म्हणत. त्यांचा जन्म नकाशे काढणाऱ्या कचेरीत गेला होता, पाण्यातल्या जहाजाशी संबंध शून्य. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली आणि पहिल्याच दिवशी ते ज्या थाटात स्टिअरिंगमागे बसले, तो पाहून त्यांच्या मेव्हण्याने हे नाव ठेवलं. कप्तानांच्या बायको, मी त्यांना बाई म्हणतो, मोठ्या दवाखान्यात वॉर्डच्या मुख्य नर्स होत्या. मेव्हणा त्यांचा धाकटा भाऊ. तो प्रत्येक सहलीला यायचा, मागच्या पलंगावर आडवा व्हायचा आणि तिथूनच सूचना करायचा. यातलं मी काहीच पाहिलेलं नाही. माणसांचा आवाज फरशीतून लोखंडात उतरतो आणि लोखंडातून माझ्यापर्यंत येतो. गाडी उभी असली की माझं बोलणं थांबतं, ऐकणं थांबत नाही.

सुरुवातीची वर्षं मानाची गेली. निघण्याआधी कप्तान स्क्रीनवरचे सहाही आकडे मोठ्याने वाचायचे. सहा अशासाठी, की मागे दोन्ही बाजूंना जोडीची चाकं आहेत, एक बाहेरचं आणि एक आतलं. एकदा भर दुपारी रस्ता तापला आणि आमचे आकडे वर चढले. हवा तापली की दाब वाढायचाच. कप्तानांना वाटलं हवा जास्त भरली गेली, म्हणून त्यांनी प्रत्येक चाकातली थोडी थोडी सोडून दिली. सकाळी टायर गार झाले आणि गाडी हलताच आम्ही सहाही जण एकदम ओरडलो. पुढे कितीतरी दिवस मेव्हणा ते पुराण उगाळत होता. "भाऊजी, गाडीला ताप आला म्हणून तुम्ही रक्तच काढलंत. ताईला तरी विचारायचं." तेव्हापासून स्क्रीनपेक्षा स्वतःच्या हातातल्या दाबमापकावर कप्तानांचा जीव जास्त बसला.

एका वर्षी सहलीला निघण्याआधी पुढचे टायर जास्त झिजलेले दिसले. कप्तान आणि मेव्हण्याने अंगणात जॅक लावून चाकं काढली. पुढचं डावं गेलं मागे उजवीकडे, आतल्या बाजूला. तिथलं आलं पुढे डावीकडे. पुढच्या डाव्या चाकात म्हणजे मी. आता स्क्रीनला या नव्या जागा शिकवायच्या होत्या. दोघांचे हात काळेकुट्ट झालेले, म्हणून आंघोळीनंतर करू असं ठरलं. आंघोळीनंतर जेवण झालं, जेवणानंतर डोळा लागला आणि ते राहूनच गेलं.

मित्रांनो, आधीही मी कोंडलेलाच होतो. पण पुढच्या चाकात निदान वळणं कळायची, कप्तानांचं गुणगुणणं ऐकू यायचं. ही नवी जागा म्हणजे खोलीच्या आतली खोली. एका बाजूला ब्रेकचा जाळ, दुसऱ्या बाजूला चिकटल्यासारखं बाहेरचं चाक, वर डचमळणारी पाण्याची टाकी आणि टाकीवर मेव्हण्याचं घोरणं. या चाकाची हवा तपासायची तर बाहेरच्या चाकाच्या भोकातून हात कोपरापर्यंत आत घालावा लागतो. कप्तान ते टाळायचे. बाहेरचं बरोबर म्हणजे आतलंही बरोबर, असा त्यांचा हिशेब.

डोंगरातल्या रस्त्याला लागण्याआधी एका बांधकामाजवळून गाडी गेली आणि माझ्यापासून वीतभर अंतरावर एक खिळा आत शिरला. टोक मला दिसलं नाही, त्याच्या कडेने सुटणारी बारीक शीळ ऐकू आली. कोंडलेल्याच्या भिंतीला भोक पडलं तर त्याला आनंद व्हायला हवा. पण त्या भोकातून हवा बाहेर जात होती, मी जाणार नव्हतो. आणि ती गेली की गाडीचा त्या कोपऱ्याचा सगळा भार बाहेरच्या एकट्या चाकावर पडणार होता. जोडीतलं एक चाक बसलं तरी गाडी लगेच कलत नाही, आतल्यांना काही जाणवत नाही. पुढच्या लांब उतारावर, ब्रेक तापल्यावर ते एकटं चाक फुटलं असतं, तर तीन माणसं दरीत गेली असती.

मी ओरडलो. माझा नंबर सांगितला, घसरलेला दाब सांगितला. स्क्रीनने लाल दिवा लावला आणि सांगितलं: पुढचं डावं.

कप्तानांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरून पुढच्या डाव्या चाकाला दाबमापक लावलं. आकडा चोख. त्यांनी दुसऱ्यांदा लावलं, तरी चोखच. गाडी पुन्हा निघाली, मी पुन्हा ओरडलो, ते पुन्हा उतरले. तिसऱ्या वेळी मेव्हण्याने पलंगावरूनच विचारलं की आता भाऊजी प्रत्येक वळणावर चाकाच्या पाया पडणार आहेत का. कप्तान कावले. सेन्सर म्हातारा झालाय, काहीही बरळतो, असं म्हणून त्यांनी स्क्रीनचा आवाज बंद करून टाकला.

मी बोलतच राहिलो. आकडा खाली जात होता, शीळ चालू होती, आणि मी ज्या चाकात नव्हतो त्या चाकाचं चित्र स्क्रीनवर मुक्याने लाल होत होतं. माझं म्हणणं खरं होतं. पत्ता तेवढा खोटा होता, आणि तो दुरुस्त करण्याचा एकही मार्ग माझ्यापाशी नव्हता. त्या घटकेला माझा तुरुंग मला जेवढा कळला तेवढा कधीच कळला नव्हता.

मोठ्या उताराच्या तोंडाशी ट्रक थांबायची सपाट जागा होती. तिथे बाईंनी गाडी थांबवायला लावली. कप्तानांची कुरकुर मला फरशीतून ऐकू आली: अंधार पडायच्या आत खाली पोचायचंय, चाक तीनदा तपासलंय.

"पुढचं तपासलंत," बाई म्हणाल्या. "आमच्या वॉर्डात पेशंटची खाट हलवायचे, घंटीच्या वायरसकट. आणि माझ्या टेबलावरच्या दिव्यांच्या पाटीवर नंबर जुन्याच जागेचा. मग घंटी वाजवायचा खिडकीतला आणि मी धावायची दारातल्याकडे. तो बिचारा झोपलेला. म्हणजे काय घंटी खोटी होती?"

"अगं, पण इथे खाट कुणी हलवलीय?"

पलंग करकरला. मेव्हणा उठून बसला होता. "भाऊजी," तो हळूच म्हणाला, "चाकं आपणच हलवली की."

मग कप्तान म्हणाले, त्यालाही आठवडा झाला, कुठलं कुठे लावलं ते आता कोणाच्या लक्षात असणार. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी मेव्हण्याला पुढच्या डाव्या चाकातली थोडी हवा सोडायला सांगितली आणि स्वतः स्क्रीनसमोर जाऊन बसल्या. उभ्या गाडीत आम्ही गप्प असतो, पण हवा झपाट्याने सुटली की जागे होतो. मेव्हण्याने व्हॉल्व्ह दाबला. तिथला माझा भाऊबंद जागा झाला आणि त्याने आपला उतरता आकडा सांगितला.

"पुढचा डावा हललाच नाही," बाई आतून म्हणाल्या. "उतरतोय तो मागचा, उजवीकडचा, आतला."

आता कप्तानांना दुसरं काही सांगावं लागलं नाही. पुढचं डावं मागे दिसतंय, म्हणजे मागचं आतलं पुढे दिसत होतं. त्यांच्या पावलांचा आवाज गाडीला वळसा घालून माझ्याजवळ आला. कोपरापर्यंत हात आत घालून त्यांनी दाबमापक टेकवलं. आकडा त्यांनी मोठ्याने वाचला नाही. बाहेरच्या चाकाला तळवा लावला आणि लगेच काढून घेतला, इतकं ते तापलं होतं.

"तसेच उतरलो असतो गं आपण," एवढंच ते म्हणाले.

खालच्या गावातून पंक्चरवाला यायला दुसरी सकाळ उजाडली. त्याने टायरची कड रिमवरून उचलली आणि माझ्यावर उजेड पडला. तीन चेहरे वाकून बघत होते. इतकी वर्षं ऐकलेले आवाज कुठून निघतात ते मी पाहिलं. कप्तान मला वाटले होते त्यापेक्षा बुटके होते. बाईंनी चष्मा वर करून मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "एवढासाच आहे की."

खिळा निघाला, भोक बुजवलं. पंक्चरवाल्याने सांगितलं की याची बॅटरी आता थोड्या दिवसांची सोबती आहे, ती बदलता येत नाही, सेन्सरच नवा लावा. पण त्याच्याजवळ नवा नव्हता. नवा मागवेपर्यंत हाच राहू दे, असं कप्तानांनी ठरवलं. निघण्याआधी त्यांनी हातही न धुता सहाही जागा स्क्रीनला नव्याने शिकवल्या. टायरची कड खाली बसली, हवा भरली आणि काळोख पुन्हा माझ्याभोवती आवळला गेला.

तो नवा अजून आलेला नाही. मागवायचं कोणाच्या तरी मनात आहे, असं कधीकधी फरशीतून ऐकू येतं. गाडी बरेच महिने उभी असते, आणि मी या आतल्या चाकात, आतल्या काळोखात बसून आहे.

म्हणून, मित्रांनो, एक मागणं आहे. कोणी हाक दिली आणि दाखवलेल्या जागी काही सापडलं नाही, तर त्याला खोटा म्हणू नका. जागा पुन्हा विचारा. आणि माझी हाक एक दिवस थांबेल. स्क्रीनवर माझ्या चौकटीत आकड्याऐवजी दोन आडव्या रेघा येतील, ना लाल दिवा, ना आवाज. त्या शांततेला सगळं ठीक आहे असं समजू नका. गाडी थांबवा, कोपरापर्यंत हात आत घाला आणि आतल्या चाकाची हवा बघा.