मत मागताना झुकलेली मान

निवडणूक जाहीर झाली आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या त्या एका खोलीच्या ऑफिसात माणसं एकमेकांशी नीट बोलेनाशी झाली. एरवी तिथे क्लच आणि गिअरच्या गप्पा चालायच्या. भिंतीवर रहदारीच्या खुणांचा तक्ता, खिडकीत वाळत घातलेली गाडी पुसायची फडकी आणि टेबलामागे मास्तर. स्कूलचे मालक तेच, शिकवणारेही तेच. त्यांची बायको फोन घ्यायची, शिकणाऱ्यांच्या वेळा ठरवायची. निम्मा वॉर्ड मास्तरांकडे गाडी शिकलेला होता, आणि शिकवताना मास्तर चिडलेले कुणी पाहिले नव्हते. घाबरलेल्या माणसाने भलतंच पेडल दाबलं की ते आपल्या बाजूचा ब्रेक हळूच दाबत आणि म्हणत, "गाडीलाच वाटलं, जरा थांबावं."

अशा माणसाच्या तोंडी निवडणुकीने जी भाषा आणली, ती ऐकून त्यांच्या बायकोला नवरा बदलून मिळाल्यासारखं वाटायला लागलं.

वॉर्डातून दोन उमेदवार उभे होते. एक शेठ. त्यांचे ट्रक सगळीकडे फिरत. ते मास्तरांच्या धर्माचे होते. प्रार्थनागृहाचा नवा घुमट त्यांनीच बांधून दिला होता आणि दर आठवड्याच्या प्रार्थनेला ते पहिल्या रांगेत बसत. दुसरी उमेदवार होती पालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका. तिला सगळे सिस्टर म्हणत. ती दुसऱ्या धर्माची. तिचं मागणं साधं होतं: शाळा भरताना आणि सुटताना शाळेच्या नाक्यावरून ट्रक जाऊ देऊ नयेत.

ट्रक अर्थातच शेठचे होते. त्या नाक्याचा सगळ्यात जास्त राग खुद्द मास्तरांनाच होता. गेल्या वर्षी शाळेतल्या एका मुलीचा पाय तिथे चाकाखाली गेला होता. नंतर मास्तरांच्या शिकाऊ गाडीमागे एका ट्रकने इतक्या जवळ येऊन हॉर्न दिला, की गाडी चालवणाऱ्या बाईने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. वर्षानुवर्षं मास्तर त्या ट्रकांच्या नावाने बोटं मोडत आले होते. पण निवडणूक लागली, शेठ घरी येऊन खांद्यावर हात ठेवून गेले, आणि मास्तर म्हणायला लागले, "ट्रक काय, कुणाचे तरी असणारच. माणूस आपला आहे की नाही ते बघा."

सिस्टरलाही गाडी त्यांनीच शिकवली होती. आता ती रस्त्यात भेटली, तिने हात वर केला, तर मास्तरांनी काच वर केली.

मास्तर प्रार्थनागृहाच्या समितीत होते. एका संध्याकाळी समितीतली बाकीची चार माणसं ऑफिसात जमली. त्यात सगळ्यात पुढे बोलणारा होता शेजारच्या दुकानातला चष्मेवाला. आबांकडून व्यासपीठावरून जाहीर करून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं. आबा म्हणजे त्यांचे प्रवचनकार, म्हातारे, प्रार्थनागृहामागच्या खोलीत राहणारे. त्यांचा शब्द घराघरात मानला जाई. त्यांना बोलावणं गेलं. ते आले, स्टुलावर बसले आणि पायांतल्या चपला नीट जुळवून ठेवल्या.

मास्तरांनी सांगितलं, एकच वाक्य म्हणायचं आहे. आपल्या धर्माच्या माणसाला मत देणं हे धर्माचं काम आहे, एवढंच.

"शाळेच्या नाक्यावरचे ट्रक तो बंद करणार आहे का?" आबांनी विचारलं.

"ट्रकचा इथे काय संबंध?"

"मग प्रार्थनेचा तिथे काय संबंध?"

चष्मेवाला भडकला. आबांना वयाने भ्रम झाल्याचं तो त्यांच्या तोंडावर म्हणाला. आबा शांतपणे म्हणाले, की मी व्यासपीठावर देवाचं नाव घेतो, त्याला लागूनच उमेदवाराचं नाव घ्यायला माझी जीभ वळणार नाही. मग मात्र मास्तरांचा तोल गेला.

"दुसऱ्या धर्माच्या बाईची वकिली करायला आम्ही तुम्हाला ठेवलेलं नाही," ते म्हणाले.

फोनजवळ बसलेल्या मास्तरांच्या बायकोने मान खाली घातली. आबा उठले, चपला घातल्या आणि निघून गेले.

पुढच्या प्रार्थनेआधी समितीने आबांना कळवलं, की तुमची तब्येत बरी दिसत नाही, विश्रांती घ्या. आबांची तब्येत ठणठणीत होती. त्यांच्या जागी मास्तर उभे राहिले. जो आपल्या देवापुढे मान झुकवत नाही तो आपलं भलं काय करणार, असं त्यांनी विचारलं, आणि लोकांनी मान डोलावल्यावर त्यांना आणखी जोर चढला. कुणाच्या दुकानात जायचं, कुणाच्या जायचं नाही, इथपर्यंत ते बोलले. बाहेर पडताना शेठनी त्यांना मिठी मारली. मास्तरांना वाटलं, आज आपल्या हातून पुण्याचं काम झालं.

वाचकहो, अशा वेळी माणसाला एक गोष्ट लक्षात येत नाही. माणसं मोजायचं एक माप आपण लोकांच्या हातात दिलं, की ते कुणाला लावायचं हे मग आपल्या हातात राहत नाही.

शेवटच्या सभेची तयारी शेठच्या गोदामात चालली होती. पोत्यांच्या थप्प्यांमध्ये खुर्च्या मांडून सगळे बसले होते. समितीतल्या सगळ्यांनी सहकुटुंब मंचावर बसायचं, असं ठरलं. तेव्हा चष्मेवाला खाकरला आणि म्हणाला, की लोक एक गोष्ट विचारताहेत. मास्तरांची बायको प्रार्थनेला कधीच का दिसत नाही?

मास्तरांनी तिला बरं नसतं असं काहीतरी सांगितलं.

"बरं नसतं कसं? रोज ऑफिसात तर बसते," चष्मेवाला म्हणाला. "न मानणारी बाई घरात, आणि तुम्ही आम्हाला धर्म शिकवणार?"

कुणीतरी हसलं. मास्तरांनी शेठकडे पाहिलं. शेठ आता चष्मेवाल्याला आवरतील अशी त्यांची अपेक्षा होती. शेठ गोड आवाजात म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका मास्तर. वहिनींना मंचावर आणा. माइकवर एक प्रार्थना म्हणू द्या. लोकांची तोंडं बंद होतील."

मास्तर घरी आले तेव्हा बायको भाजी निवडत होती. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं, परवा सभेला यायचं आहे, मंचावर बसायचं आहे, आणि एक प्रार्थना म्हणायची आहे. ती म्हणाली, मी येणार नाही. त्यांनी समजावलं, मग आवाज चढवला. माझी अब्रू तुझ्या हातात आहे, असंही म्हणून झालं. तिने भाजीचं ताट बाजूला सारलं.

त्यांना एक मुलगी होती. लहानपणीच तापाने गेली. त्या दिवसांत आई तिच्या उशाशी बसून अखंड प्रार्थना म्हणत होती. मुलगी गेली, आणि त्यानंतर तिने ते शब्द पुन्हा उच्चारले नाहीत. हे घरात दोघांनाही माहीत होतं. दोघंही त्याबद्दल कधी बोलत नसत.

"त्या माणसांना सांगा," ती म्हणाली, "माझं आणि देवाचं भांडण आहे. ते माझ्या घरातलं आहे. ते मी ट्रकवाल्याच्या सभेत मिटवणार नाही."

"एक प्रार्थना म्हणायला तुझं काय जातं?"

"माझी मुलगी गेली, ते त्या प्रार्थनेच्या शब्दांवर. ते शब्द तुम्ही मतांसाठी मागताय." ती उठून उभी राहिली. "आणि आज तुम्हाला राग कसला आलाय? त्यांनी तुम्हाला विचारलं, तुमची बायको कुणापुढे मान झुकवते. सिस्टरबद्दल तुम्ही भर प्रार्थनेत हेच विचारलंत ना? तिलाही घर असेल. तिचंही कुणीतरी गेलं असेल. लोकांना हा प्रश्न तुम्हीच शिकवलात. आता तो आपल्या दारात आलाय, तर म्हणे अब्रू!"

मास्तर तसेच बाहेर पडले आणि चालत चालत आबांच्या खोलीपाशी येऊन उभे राहिले. आत जायला पाय उचलेना. आबांनीच हाक मारली.

मास्तरांनी आधी क्षमा मागितली. मग गोदामात जे झालं ते सांगितलं, बायको जे बोलली तेही सांगितलं. अखेर मास्तरांनी विचारलं, "मग मत देताना धर्म घरी ठेवून जायचं का? माझ्याच्याने ते होणार नाही, आबा. मी मनापासून मानतो."

"घरी कशाला ठेवतोस? बरोबर ने," आबा म्हणाले. "खोटं बोलू नये, दुबळ्याला तुडवू नये, दुसऱ्याच्या लेकराला आपलं समजावं, हे तुला कुणी शिकवलं? धर्मानेच ना? तेवढं मनात धर आणि मग बघ, दोघांपैकी कोण काय करणार आहे. श्रद्धेने तुझ्या मताला जाब विचारावा. पण श्रद्धा हातात घेऊन तू उमेदवाराची झडती घ्यायला लागलास, की तो तुला फक्त झुकलेली मान दाखवतो. मान झुकवणं सोपं आहे रे. ट्रक थांबवणं अवघड आहे."

"पण तो आपला आहे, आबा."

"ज्या मुलीचा पाय गेला, ती कोणाची आहे?"

ती मुलगी मास्तरांच्याच धर्माची होती. तिच्या वडिलांना मास्तर ओळखत होते. इतक्या दिवसांत ही गोष्ट आपल्या मनातही आली नाही, याची त्यांना लाज वाटली. पण आबांनी त्यांना तिथेही थांबू दिलं नाही. ते म्हणाले, "आणि ती दुसऱ्यांची असती, तर तिचा पाय कमी दुखला असता का?"

शेवटच्या सभेत मास्तर मंचावर एकटेच गेले. त्यांच्याकडे माइक आला तेव्हा ते म्हणाले, की मी प्रार्थनागृहात जे बोललो ते चुकीचं होतं आणि मी ते मागे घेतो. सिस्टरच्या धर्माबद्दल मी बोललो, तो मला अधिकार नव्हता. शेठच्या प्रार्थनेबद्दलही मला आता काही म्हणायचं नाही, ती त्यांची आणि देवाची गोष्ट आहे. मला त्यांना फक्त विचारायचं आहे, शाळेच्या वेळेत ट्रक बंद ठेवणार का?

वाक्य पुरं व्हायच्या आत चष्मेवाल्याने माइक हिसकावून घेतला. खालून शिव्या सुरू झाल्या. कुणी त्यांना विकला गेलेला म्हणालं, कुणी धर्मबुडवा म्हणालं. मंचावरून उतरताना त्यांच्या पाठीत बुक्का बसला. कुणाचा, ते त्यांनी वळून पाहिलं नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. शिकाऊ गाडीच्या चारही चाकांतली हवा कुणीतरी सोडली. ऑफिसच्या दारावर घाण शब्द लिहिले गेले. बायकोने ते घासून काढले आणि ते पुन्हा लिहिले गेले. ओळखीच्या घरांतली मुलं शिकायला यायची थांबली. समितीतून मास्तरांना काढलं. सिस्टर एकदा ऑफिसात आली. झालं गेलं विसरा, असलं काही ती म्हणाली नाही. तुमच्या बोलण्याने माझ्या घरावर दगड आले, हे तिने सरळ सांगितलं. मास्तरांनी मान्य केलं. त्या दोघांत यापेक्षा जास्त बोलणं झालं नाही, पण निघताना तिने मास्तरांच्या बायकोचा हात हातात घेतला.

आणि निवडणूक शेठच जिंकले. सिस्टर हरली. ट्रक तसेच धावत राहिले.

निवडून आल्यावर शेठनी वॉर्डाची पहिली बैठक शाळेच्या सभागृहात घेतली. हार झाले, भाषणं झाली. मास्तर मागच्या बाकावरून उठले आणि त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. सभागृहात गुरगुर झाली. खाली बस, असं चारी बाजूंनी ऐकू आलं. शेठ हसून म्हणाले, की हे आपल्याच माणसाच्या पायात पाय घालणारे लोक आहेत, यांच्याकडे लक्ष देऊ नका. लोक हसले.

तेव्हा पहिल्या रांगेतून चष्मेवाला उठला. आता हा मास्तरांना बाहेर काढणार, असं सगळ्यांना वाटलं. त्याची नात याच शाळेत जायची. आदल्या दिवशी एक ट्रक तिला इतकं घासून गेला होता, की दप्तराचा पट्टा तुटून रस्त्यात पडला होता आणि पोरगी रात्रभर दचकून उठत होती. चष्मेवाल्याने मास्तरांकडे पाहिलंही नाही. त्याचा त्यांच्यावरचा राग गेलेला नव्हता.

"शेठ," तो म्हणाला, "मी तुम्हाला मत दिलं. तुमच्यासाठी मी माणसं तोडली. आता उत्तर द्या. ट्रक बंद करणार का नाही?"

शेठ म्हणाले, बघू. चष्मेवाला म्हणाला, बघू नाही, सांगा. त्याच्यामागे एक बाई उठली. मग ज्या मुलीचा पाय गेला होता, तिचा बाप उठला. सभागृहात दोन्ही धर्मांची माणसं होती, आणि ती एकेक करून उभी राहायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच शेठना त्यांच्या प्रार्थनेबद्दल कुणी काही विचारत नव्हतं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावर घाम दिसत होता. शेवटी शाळेच्या वेळेत ट्रक कधीपासून बंद होतील, त्याची तारीख त्यांना सर्वांसमोर सांगावी लागली.

वाचकहो, हा प्रश्न सगळ्यांनी मिळून मतदानाआधी विचारला असता, तर मधला सगळा विखार टळला असता. आपली श्रद्धा आपल्याला चांगलं माणूस होण्यासाठी मिळालेली आहे. ती दुसऱ्याची जात आणि धर्म तपासायला नाही. मत द्यायला जाताना देवाला जरूर स्मरा. पण उमेदवाराला त्याचा देव विचारू नका, त्याचं काम विचारा. आणि तो आपला असेल, तर दुप्पट कठोर होऊन विचारा.