शेवटच्या पानावरची खूण

मी एक वाचनखूण बोलतेय. पुठ्ठ्याची आहे, जेमतेम दोन बोटं रुंद. आत्ता एका पातळशा पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पडून आहे. इथवर काही मी चालत आलेले नाही, मला पायच नाहीत. माझ्यावर काढलेल्या शेळीला मात्र पाच आहेत.

माझा जन्म शर्टाच्या खोक्यातून झाला. बाबांचा नवा शर्ट आला, खोकं टाकायला निघालं, तेव्हा त्यांची आठ वर्षांची मुलगी आडवी आली. घरात तिला खारूताई म्हणतात, कारण एका जागी बसणं तिच्या जिवावर येतं. आईनं आपल्या मोठ्या कात्रीनं खोक्याची एक सरळ पट्टी कापली आणि टोकाला पिवळ्या दोऱ्याचा गोंडा बांधला. शेळी खारूताईनं काढली. पाचवा पाय शेपटी आहे, असं तिचं म्हणणं. असेलही.

ती शेळी एका गोष्टीतली होती. वाचनालयातल्या सगळ्यात खालच्या फळीवर चोवीस पानांचं पुस्तक होतं. त्यातली शेळी पोस्टमनच्या पिशवीतली पत्रं खाते आणि मग कुणाला काय लिहिलं होतं ते गावभर सांगत सुटते. नवव्या पानावर ती पोस्टमनची टोपीही खाते. त्या पानावर खारूताई इतकी हसायची, की पुस्तक तिच्या हातातून निसटायचं आणि मी जमिनीवर पडायचे. ते पुस्तक तिनं सहा वेळा घरी आणलं. मला फारसं काम नव्हतं, ती एका बैठकीत संपवायची. आयुष्यात तेवढेच दिवस मी सुखात होते.

वाचनालयाच्या बाईंचा एक नियम होता. पुस्तक घ्यायच्या आधी कुठलंही एक पान मोठ्यानं वाचायचं. जो शब्द अडेल त्याला डाव्या हाताचं एक बोट मिटायचं. एखाद-दोन बोटं मिटली तर पुस्तक खुशाल घरी न्यायचं. मूठ बंद झाली, तर ते पुस्तक पुढच्या वर्षासाठी ठेवून द्यायचं. "रुसायचं नाही," बाई म्हणायच्या. "ते कुठं पळून जात नाही."

सगळं नीट चाललं होतं. मग एका रविवारी काकाची मुलगी राहायला आली. खारूताईहून सहाच महिन्यांनी मोठी, आणि तिच्या हातात दोनशे ऐंशी पानांचं पुस्तक! ती ते खरंच वाचत होती, तिला दोष नाही. पण खारूताईच्या आईच्या डोळ्यांत ते पुस्तक कुसळासारखं सलत राहिलं.

आई घरीच शिवणकाम करते. माप घेण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. पण मुलांचे कपडे ती नेहमी दोन बोटं मोठेच शिवते. "वाढत्या अंगाचं शिवलेलं बरं," असं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. फ्रॉकच्या बाबतीत ते खरंही आहे.

पुढच्या शनिवारी तिनं वाचनालयात वरच्या फळीवरून एक जाडजूड पुस्तक काढलं. समुद्रावरच्या प्रवासाचं होतं, तीनशे बारा पानांचं.

"आई, माझी शेळी..."

"किती दिवस शेळी शेळी करशील? वाढत्या अंगाचं घेऊ या. वाच बरं एक पान."

खारूताईनं वाचायला सुरुवात केली. मी तिच्या डाव्या हातात होते, म्हणून हे मला ठाऊक आहे. 'क्षितिज' आलं, एक बोट मिटलं. 'निर्विकार' आलं, दुसरं मिटलं. 'शिडाची डोलकाठी' आली तेव्हा एकदम दोन मिटली. चौथ्या ओळीला मूठ बंद झाली आणि मी आत चुरगळले. ती मूठ तिनं हळूच पाठीमागे नेली. उरलेलं पान तिनं अडत अडत, अंदाजानं वाचलं.

बाई टेबलाशी शिक्के मारत होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "किती बोटं गं?"

खारूताईनं आईच्या तोंडाकडे पाहिलं. आई इतकी खुशीत होती!

"दोन," ती म्हणाली.

मला ओरडावंसं वाटलं. पण पुठ्ठ्याला कुठला आवाज?

घरी रोज संध्याकाळी मशीन थांबवून आई विचारायची, "कुठवर आलं?" आणि मला बघायची. मी जिथे असेन ते खरं. पहिल्या दिवशी खारूताई दोन पानं वाचून रडकुंडीला आली. मी तिसऱ्या पानावर राहिले. आईचा चेहरा पडला. "एवढंच?"

दुसऱ्या दिवशी मी तेराव्या पानावर होते. ती पानं कुणीही वाचली नव्हती. मशीनची घरघर सुरू झाली, की खारूताई पुस्तक उघडायची, मला उचलायची, दहा पानं मोजून पुढं ठेवायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. मी रोज दहा पानं खोटं बोलत होते. माझी इच्छा कुणी विचारली नाही, आणि विचारली असती तरी सांगणार कशी?

घरात कौतुक मावेना. बाबांनी फोन करून काकाला सांगितलं. महिन्याभरात मी शेवटच्या पानावर पोचले.

"मग, शेवटी काय झालं गं गोष्टीत?" बाबांनी जेवताना विचारलं.

"सगळे घरी गेले," खारूताई म्हणाली.

"वा!" बाबा म्हणाले आणि पुढचा घास घेतला.

पुस्तक परत करायला दोघी गेल्या तेव्हा आईची मान ताठ होती. "बाई, आता याच्याहून मोठं द्या."

"मला नको," खारूताई म्हणाली. "मला वाचायला आवडत नाही."

आईला तोंडात मारल्यासारखं झालं. "अहो, अख्खं वाचलंय हिनं! ही खूण बघा ना."

बाईंनी मला हातात घेतलं. माझ्या घड्या त्यांनी अंगठ्यानं सपाट करून पाहिल्या, पण त्या काही गेल्या नाहीत. मग त्यांनी खारूताईचा डावा हात घेतला, मला त्यात ठेवलं आणि तिची बोटं हलकेच मिटली. प्रत्येक घडी बोटाखाली नेमकी बसली. खारूताईनं हात ओढून घेतला आणि ती दाराबाहेर पळाली. मी खाली पडले.

"माप चुकलं हो," बाई हळूच म्हणाल्या.

आई शिंपीण आहे, तिला आणखी सांगावं लागलं नाही. ती खाली बसली, तिनं मला उचललं, तिथंच खालच्या फळीवरून शेळीचं पुस्तक काढलं आणि मला नवव्या पानावर ठेवलं. मला वाटलं, सुटलो आपण सगळे.

संध्याकाळी आईनं ते पुस्तक खारूताईसमोर ठेवलं. "हे वाच. तुझं आवडतं. मी काही विचारणार नाही, वचन." आणि ती मशीनवर जाऊन बसली. घरघर सुरू झाली.

खारूताईनं पुस्तक उघडलं. नववं पान समोर होतं, टोपी शेळीच्या तोंडात होती. मी वाट बघत होते, आता हसेल, आता मी जमिनीवर पडेन. तिनं मला उचललं, शेवटच्या पानावर ठेवलं आणि पुस्तक मिटलं.

"आई, झालं वाचून."

मशीन थांबलं. बराच वेळ ते पुन्हा सुरू झालं नाही.

तेव्हापासून मी इथेच आहे. तुमच्या घरी कुणी लहान वाचत असेल, तर कुठवर आलं हे मला विचारू नका. मला जिथे ठेवाल तिथे मी गप्प राहते. तिच्या मुठीकडे बघा. आणि जमलं तर कुणीतरी मला पुन्हा नवव्या पानावर नेऊन ठेवा. मला एकदा जमिनीवर पडायचंय.