टरफल आईचं

नदीपलीकडच्या बागेत एक म्हातारा पोलिसांना सापडला, तेव्हा त्याची वाचा गेली होती. अंगावर स्वच्छ कपडे, तोंडावर हसू आणि खिशात अक्रोड. नाव ना गाव. दवाखान्यात सगळे त्याला ‘अक्रोडआजोबा’ म्हणू लागले.

त्याची ओळख पटवायचं काम प्रयोगशाळेतल्या तपासनीस बाईंकडे आलं. त्यांनी त्याच्या रक्तातला डीएनए हरवलेल्या माणसांच्या नातेवाइकांशी ताडून पाहिला. कुणाशीच जुळेना. ज्याला कुणी शोधतच नाही, त्याची ओळख विज्ञान तरी कुठून शोधून आणणार?

दुपार धुकट होती. यंत्र संथ घुमत होतं. समोर काचेच्या बशीत ते अक्रोड. बाईंचे डोळे मिटत गेले आणि त्यांना वाटलं, आपण कुठल्याशा मोठ्या झाडाखाली बसलोय, वरून हिरवा उजेड पाझरतोय, पानांच्या आड कुणीतरी खुदकन हसतंय. मान खाली आली तशा त्या दचकून जाग्या झाल्या आणि या प्रकरणाच्या फौजदारांना फोन लावला.

“साहेब, माणूस सापडत नाही, तर झाड शोधू या.”

“झाडानं काय गुन्हा केलाय, बाई?”

“अक्रोडाचा गर म्हणजे लेकरू, त्यात बापाचाही वाटा. टरफल मात्र निव्वळ आईचं. टरफलाला चिकटलेल्या वाळक्या सालीत झाडाचाच डीएनए असतो, जसाच्या तसा.”

“म्हणजे आता झाडांची ओळख परेड!” फौजदार हसले.

शहरातल्या जुन्या झाडांच्या पानांचे नमुने उद्यान खात्यानं अभ्यासासाठी जपून ठेवले होते. त्यातला एक तंतोतंत जुळला.

बाई आणि फौजदार त्या झाडाच्या पत्त्यावर, उताराच्या गल्लीत पोहोचले, तेव्हा धुक्यात घरं पाण्यात बुडाल्यासारखी दिसत होती. पावलांचा आवाजही आपला वाटेना. एका कुंपणामागे तो प्रचंड अक्रोड उभा होता. खाली एक म्हातारे शिंपीकाका पाचोळा झाडत होते. फौजदारांनी फोटो पुढे केला मात्र, काका उसळले.

“हाच तो चोर! भिंतीपलीकडे राहतो. माझ्या फांदीचे अक्रोड त्याच्या अंगणात पडतात आणि पठ्ठ्या सगळे गिळंकृत करतो! वर्षानुवर्षं भांडतोय आम्ही. हल्ली पलीकडे सामसूम, तेव्हा म्हटलं, सुधारला बेटा…”

बोलता बोलता काकांचा आवाज खाली आला. “कुठाय तो? घरात एकटाच असतो हो. बायको गेल्यापासून त्याला माझ्याशिवाय भांडायलाही कुणी नाही.”

खराटा तिथंच टाकून ते गाडीत बसले.

दवाखान्यात आजोबा खिडकीकडे बघत पडले होते. काका खाटेपाशी उभे राहिले. सवयीनं खेकसले, “काय रे? न सांगता निघून जायचं असतं होय?”

आजोबांनी मान वळवली. ओठ बराच वेळ हलत राहिले. मग घशातून तुटक शब्द निघाला.

“मां…जर?”

“आहे, आहे! माझ्याकडे मुक्काम ठोकलाय तिनं. मला वाटलं, तुझ्या स्वभावाला कंटाळली.”

काकांनी स्टूल ओढून घेतलं आणि त्याचा गार हात आपल्या दोन्ही हातांत धरला. बाई दारातच थांबल्या. कागदपत्रांवर काकांची सही हवी होती. पण मांजरीच्या खोड्यांची गोष्ट नुकतीच सुरू झाली होती, आणि काकांना मध्येच तोडावंसं त्यांना वाटेना.