धर्मयोद्ध्याची साक्ष

खेळातल्या त्याच्या पात्राच्या कागदावर ‘शपथ’ या शब्दाखाली खोडरबर इतक्यांदा फिरला होता की तिथे कागदाचा पापुद्रा झाला होता, आणि त्यावर पेन्सिलीने लिहिलेली ओळ — खोटं बोलणार नाही — प्रितमला वाचावीही लागत नव्हती, नुसती अंगठ्याला जाणवत होती.

चारोटीला विपुलच्या टायरच्या दुकानामागे ही खोली. चार वर्षं दर रविवारी दुपारी तिघं इथे खेळायला जमत. विपुल राजे-किल्ले-राक्षसांची गोष्ट रचायचा, रिया त्यात चोर व्हायची आणि प्रितम धर्मयोद्धा. शपथ पाळेल तोवर त्याच्या तलवारीत तेज. हायवेवरून ट्रक गेला की टेबलावरचे फासे थरथरायचे.

“तर गावकऱ्यांनी एकाला बांधून आणलाय,” विपुल सांगत होता. “देवळातली घंटा चोरली म्हणतात. साक्षीदार एकच. न्याय तू करायचास.”

बांधून... जिव्याला, त्यांच्या चिकूच्या वाडीवरच्या गड्याला, बांधलं नव्हतं. तो आपण होऊन पोलिसांच्या जीपमध्ये चढला होता, आधी चपला झटकून — गाडी मळेल म्हणून. वाडीतली पाण्याची मोटर गायब झाली त्या सकाळी प्रितमने पाहिली होती ती फक्त रिकामी जागा, ओल्या मातीत उमटलेला चौकोन. पण उमेश, थोरला भाऊ, म्हणाला, “जिव्याशिवाय कोण असणार? तू पाहिलंस म्हणून सांग, म्हणजे मिटेल एकदाचं.” मग ठाण्यात खुर्ची दिली, चहा दिला, आणि मी सांगितलं... मोटर खांद्यावर घेऊन जाताना पाहिला. कुठल्या खांद्यावर, असं विचारलं तर डाव्या म्हणालो. डावा कुठून आला? आठवड्याने कळलं की मोटर उमेशनेच अच्छाडच्या एका ढाबेवाल्याला विकली होती. तोवर जिव्या आत होता, आणि माझी सही कागदावर.

आज सकाळी चिकू वेचता वेचता काळी, जिव्याची बायको, उठून उभी राहिली होती. तक्रार उमेशची, एवढंच तिला माहीत.

“प्रितमशेठ, बुधवारी कोर्टात तुम्हाला पण बोलावलंय ना?”

“हो.”

“मग बरं झालं. तुमचं ऐकतील ते. तुम्ही काय खोटं नाय बोलायचे.”

त्याने तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला — असता तर बरं झालं असतं. ती पुन्हा वाकून वेचू लागली होती.

“अरे, विचार ना त्या साक्षीदाराला,” रिया म्हणाली. “स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस का म्हणून.”

“माझा योद्धा न्याय करू शकत नाही.”

“का?”

“त्याचं तेज गेलंय. त्याने खोटी साक्ष दिलीय.”

विपुलने वही चाळली. “कधी? आपल्या खेळात असं काही झालं नाही.”

“झालंय. तुम्हाला सांगितलं नव्हतं.”

रिया हसली, मग त्याच्याकडे बघून थांबली. विपुल मात्र खूश झाला होता. “मस्त आहे हे! तेज परत हवं तर ज्याच्याविरुद्ध बोलला त्याच्यासमोर, सगळ्या गावादेखत कबूल करायचं. पुढच्या रविवारी घेऊ.”

पुढच्या रविवारी... बुधवार त्याच्या आधी येत होता.

बाहेर येऊन तो बाइकवर बसला. बोलून टाकलं की हलकं वाटेल असं वाटलं होतं — पण बोललो कुठे, जिथे ते कुणालाच ऐकू जाणार नव्हतं तिथे. समोरून तलासरीकडे ट्रक चालले होते. मी पाहिलं नव्हतं, तो पुटपुटला. तीन सोपे शब्द, नीट उमटले. मनातल्या मनात कोर्टात उभं राहून म्हणून पाहिले, तरी उमटले. मग घरी, उमेश जेवायला बसलाय, वहिनी वाढते आहे... तिथे आवाज फुटेना.

इतके महिने तो स्वतःला सांगत होता की आपण अडकलो आहोत, आपल्या हातात काही नाही. आता तसं म्हणता येईना. त्याला कुणीच धरलं नव्हतं. हे कळलं आणि त्याला पहिल्यांदाच भीती वाटली — उमेशची नव्हे, कोर्टाची नव्हे... बुधवारी आपण काय बोलू, ते आपल्यालाच ठाऊक नाही याची.