वगदीच्या नावाचा रांजण

मित्रांनो, काचेच्या दोन उंच टॉवरांमध्ये एक बसकं घर अजून तग धरून आहे ना, त्याच्या दाराशी डोक्यावर लाकडी झाकण घेऊन बसलेला म्हातारा रांजण तो मी. माझा जन्म केना गावच्या कुंभाराकडचा. नाईलमधून होडीने कैरोला आलो, तेव्हा अंगाला भाजक्या मातीचा वास होता.

उम्म वगदी, म्हणजे वगदीची आई, हिचा तरणाताठा मुलगा तापाने गेला. त्याच्या चाळिसाव्या दिवशी तिने मला दाराशी बसवलं. वाटसरूंनी पाणी प्यावं आणि त्याचं पुण्य वगदीला पोचावं, एवढंच माझं काम. तेव्हा कैरोतल्या बुलाक भागातली ही गल्ली लोहारांची, हमालांची होती. दुपारी माझ्यापुढे झुंबड उडायची. पिणारा मिशा पुसत म्हणायचा, "अल्लाह वगदीवर रहम करो." मला फार बरं वाटायचं.

मग गल्ली पाडली. शेजारीपाजारी पैसे घेऊन लांब गेले आणि टॉवर आले. आता ऊन काचांवरून उलटं माझ्याच अंगावर येतं. साहेबलोक आपापल्या बाटल्या घेऊन जातात-येतात. माझा पत्र्याचा पेला कित्येक महिन्यांत कुणी उचललेला नाही. पण मी पडलो मातीचा, सारखा पाझरतो. उम्म वगदी रोज सकाळी झाकण काढते, पाणी उतरलेलं बघते आणि हरखते. नसलेल्या कामाचं हे कौतुक ऐकून ऐकून मी थकलो आहे.

परवा ती टॉवरच्या पहारेकऱ्याला, अत्रीसला, म्हणाली, "बघितलंस? वीतभर खाली गेलंय! तुझे साहेब वर गारव्यात बसतात आणि खाली येऊन माझ्या वगदीचं पाणी ढोसतात. उद्यापासून दोन बादल्या आणीन."

"दोन? अहो हाज्जा," अत्रीस तिला मानाने म्हणाला, "एकीतच तुमची कंबर धरते."

"धरू दे मेली. माझ्या पोराला पोचतंय ना!"

अत्रीसला राहवलं नाही. "हाज्जा, मी दिवसभर इथंच बसलेला असतो. कुणीसुद्धा पीत नाही हो. पाझरतो तो."

तिने माझ्या पोटाखाली हात फिरवला. हात ओला झाला. हे पाणी परक्यांचं, म्हणून इतक्या वर्षांत तिने स्वतः कधी त्याला तोंड लावलं नव्हतं. आता तिने पेला बुडवला आणि ती गटागटा प्याली.

"अत्रीस, आईनं प्यायलं तर पोचतं का रे त्याला?"

काल आणि आज सकाळीही ती तशीच पेलाभर प्याली.

मित्रांनो, मला डागडुजी नको, रंगरंगोटी नको. कधी या वाटेने आलात तर बाटली पिशवीतच राहू द्या आणि तहान नसली तरी माझ्यातला एक घोट घ्या. एकट्या तिनं रोज किती प्यायचं?